लाहमूवर थोडा वेळ

बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. डोळे मिटायलाच हवेत असं नाही, पण मिटलेत तर तिथलं ढगाळ ऊन लवकर दिसेल.

ग्रहाचं नाव लाहमू. ‘स्टार वॉर्स’चं विश्व ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनाही ते चटकन आठवत नाही. २०१६ सालच्या ‘रोग वन’ चित्रपटाच्या सुरुवातीला हा ग्रह काही मिनिटं दिसतो, बस्स. मला मात्र त्या सिनेमातल्या लढायांपेक्षा हाच जास्त आठवतो.

आधी वरून पाहा. ग्रहाभोवती कडी आहेत. त्यांच्या बाजूने एक यान खाली उतरतं आहे. तिकडे लक्ष देऊ नका. सगळी गोष्ट त्या यानातून येणार आहे, आणि आज आपल्याला गोष्ट नको, जमीन हवी आहे.

जमीन काळी. चपला काढा, पाय टेकवा. गार, ओलसर, जड वाळू. मूठभर उचला आणि बोटांच्या फटींतून सावकाश सोडा.

ही वाळू खरी आहे. हा प्रसंग आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चित्रित झाला. तिथे बर्फाच्या जाड थराखाली काटला नावाचा ज्वालामुखी आहे. तो जागा झाला की वरचा बर्फ वितळतो आणि राख, खडी, दगड घेऊन पाण्याचा लोंढा समुद्राकडे सुटतो. १९१८ साली असंच झालं. तिथलं काळं मैदान अशाच पुरांनी पसरत आणलं आहे. आधी आग, वर बर्फ, मग पूर; आणि आता तो कण तुमच्या तळहाताच्या रेषेत अडकला आहे. राहू द्या त्याला.

स्पर्श ओळखीचा वाटला? वाटेलच. हा बेसॉल्ट. सह्याद्रीचा काळा पाषाण याच जातीचा. आजीच्या पाट्यावर दुपारी हात ठेवल्यावर जो गारवा लागायचा, तो आठवा. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिकडची वाळू त्या मानाने कालची पोर.

आता मान वर करा. हिरवळीत एक घर आहे. गेलन अर्सो, त्याची बायको लायरा, मुलगी जिन. गेलन शास्त्रज्ञ. साम्राज्यासाठी शस्त्र बनवायचं नाही म्हणून तो सगळं सोडून इथे शेती करायला आला. स्वयंपाकघरात निळं दूध आहे.

यान उतरतं. पांढऱ्या झग्यातला अधिकारी येतो. लायरा मारली जाते, गेलनला नेलं जातं. इथे थांबू नका.

थांबायचं ते खडकातल्या बिळापाशी. वर झाकण आहे, आत जिन. गळ्यात आईने दिलेला स्फटिक. तिच्याजवळ बसा, तिला काही समजावू नका. वरच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ येते आहे. ती रेघ पाहा. कान बाहेर लागतील, लागू द्या. आवाज नाही, तरी कान परत येत नाहीत. इतकं लक्ष देऊन आपण शेवटचं कधी ऐकलं होतं?

झाकण उघडतं. सॉ गरेरा नावाच्या बंडखोराचा चेहरा दिसतो. तो तिला घेऊन जातो आणि सिनेमाही तिच्यामागे निघून जातो.

तुम्ही जाऊ नका. बिळातून वर या. शेत आहे, कोणी नाही. वाळूत पावलं उमटली आहेत, बरीच, यानाकडे जाणारी. वारा सुटला आहे. एक पाऊल निवडा आणि त्याची कड ढासळताना पाहा. मग टाच. मग अंगठा.

चित्रपट पुन्हा तिथे जात नाही. तुम्ही हवं तेवढं बसा.