एकोणीस कॉप्या, एकच चूक

वह्या मिटा. आज मी नवं काही शिकवणार नाही. तुमच्या कॉप्या परत देणार आहे, आणि देताना जे बोलेन ते निमूट ऐकून घ्यायचं.

बुधवारी तुम्हा बावीस जणांना बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघायला पाठवलं. बावीस कॉप्या आल्या. त्यांतल्या एकोणीस कॉप्यांत उपसभापतींचं आडनाव चुकलंय, आणि एकोणीसही ठिकाणी अगदी सारखं चुकलंय. मी त्या दिवशीचं प्रसिद्धिपत्रक मागवून घेतलं. चूक मूळ तिथली. टाइप करणाऱ्याच्या हातून एक अक्षर निसटलं आणि तुम्ही ते जसंच्या तसं उतरवलंत. अरे, तो माणूस तुमच्यापासून दहा पावलांवर उभा होता! त्याच्या दालनाच्या दारावर नावाची पाटी आहे. मान वर करून ती वाचायला किती वेळ लागला असता? माणसाचं नाव चुकवणाऱ्या वार्ताहराच्या बाकीच्या बातमीवर त्या गावात कुणीही विश्वास ठेवत नाही.

आता आकड्यांकडे या. तुमच्यापैकी पाच जणांनी शीर्षक दिलंय, ‘कांदा 2,100 रुपयांवर’. बाजार समितीच्या फळ्यावर तीन दर लिहिलेले होते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. 2,100 हा कमाल दर. त्या दिवशी एका ट्रॅक्टरला तो मिळाला. सर्वसाधारण दर होता 1,350 रुपये क्विंटल, म्हणजे बहुतेकांचा माल त्याच्या आसपास गेला. हे शीर्षक छापलं असतं तर काय झालं असतं याचा विचार केलात? शंभर किलोमीटरवरचा शेतकरी ते वाचून भाड्याची गाडी करतो, रात्रभर प्रवास करून माल घेऊन येतो आणि साडेतेराशेला विकून परत जातो. तुमचा आकडा खरा होता, बातमी खोटी होती. यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं डेस्कवर बसू नये.

आणि ती भाषा! सात जणांनी ‘कांद्याने केला वांदा’ लिहिलंय. हे शीर्षक तुमच्या जन्माआधी शिळं झालेलं आहे. ‘शेतकऱ्यांत संतापाची लाट’ तर जवळपास प्रत्येकाकडे. कुठे दिसली लाट? किती शेतकऱ्यांशी बोललात? मी वह्या तपासल्यात. एकवीस वह्यांत एकाही शेतकऱ्याचं नाव नाही, गाव नाही. तरी तुमच्या कॉपीत ‘शेतकऱ्यांचे म्हणणे आहे’, ‘असे समजते’, ‘सूत्रांनी सांगितले’. कोणती सूत्रं? जिवाला किंवा नोकरीला धोका असलेल्या माणसाचं नाव झाकायला तो शब्द असतो, चहाच्या टपरीवर कानावर पडलेलं वाक्य खपवायला नव्हे.

कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. हे सहा प्रश्न पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिले होते, तुम्ही ते पाठ केलेत, आणि कॉपीत ‘का’ गाळलात. भाव का पडला? आवक किती होती, आदल्या दिवशी किती होती, माल ओला होता का, व्यापारी किती आले होते? हे मापाड्याला विचारायचं, हमालाला विचारायचं. सकाळपासून वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला जे ठाऊक असतं ते प्रसिद्धिपत्रकात येत नाही.

एकीनं मात्र विचारलं. तिची कॉपी बोजड आहे, शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत, त्याबद्दल तिला वेगळं ऐकावं लागेल. पण ती दुपारी दोनपर्यंत थांबली. एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी तिनं हातात घेऊन वाचली, हमाली आणि तोलाई वजा जाता त्याच्या हाती काय पडलं ते टिपलं. फक्त ते तिनं शेवटच्या परिच्छेदात टाकलंय. रात्री साडेदहाला जाहिरात आली की पान लावणारा बातमी वाचत बसत नाही, खालून कापतो. म्हणजे अख्ख्या वर्गातली एकमेव खरी बातमी सर्वांत आधी कचऱ्यात गेली असती. इंट्रोत काय घ्यायचं हा सजावटीचा प्रश्न नाही. काय वाचायला हवं आणि काय कापलं गेलं तरी चालेल, याचा तो निवाडा आहे.

मागे कोणीतरी पुटपुटलं, ‘सर, हेतू चांगला होता.’ मग ऐका. 1882 साल. टिळक आणि आगरकर पंचविशीच्या आसपासचे, तुमच्याहून थोडेसेच मोठे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय या कळकळीनं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने दिवाण माधवराव बर्व्यांविरुद्ध लिहिलं. आधार होता हाती आलेल्या पत्रांचा. पत्रं बनावट निघाली. त्यांनी माफी मागितली, तरी खटला चालला, चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. त्यांच्या हेतूवर बोट ठेवायची माझी छाती नाही. पण इतक्या मोठ्या माणसांनाही कागद पारखून न घेतल्याची किंमत मोजावी लागली. तुम्ही तर मोबाइलवर फिरत आलेला फोटो कुणी, कधी काढला हेही न विचारता कॉपीला जोडलात. त्या फोटोतली पाटी दुसऱ्याच बाजार समितीची आहे.

6 जानेवारीला ‘दर्पण’कार बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार घालायला तुम्ही सगळे नवे कपडे घालून येता. यंदा तो हार कोण घालणार हे मी तुमच्या वह्या बघून ठरवेन.

या कॉप्यांना मी गुण दिलेले नाहीत. सोमवारी सकाळी साडेआठला बाजार समितीच्या फाटकावर हजर राहायचं, लिलाव नऊला सुरू होतो. प्रसिद्धिपत्रक कुणी घ्यायचं नाही, मोबाइल माझ्या पिशवीत राहतील. परत येताना प्रत्येकाच्या वहीत किमान दोन शेतकऱ्यांची नावं हवीत, त्यांना विचारून अक्षर न् अक्षर पडताळलेली. गाव, माल, वजन, भाव आणि हाती पडलेली रक्कमही हवी. मग दुपारी कॉपी लिहायला बसू.