मुलांच्या मताचे वजन

मोठ्या माणसाने मुलाला मारले, तर मुलाने दाद कुठे मागायची? वॉर्सामध्ये डॉ. यानुश कोर्चाक यांचा अनाथाश्रम १९१२ साली सुरू झाला. तिथे पुढे मुलांचेच न्यायालय बसू लागले. ज्यांच्यावर त्या आठवड्यात खटला नसेल, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडत. त्यांच्या कायद्यातली पहिली ९९ कलमे माफीची होती. हजारावे कलम आश्रमाबाहेर काढण्याचे.

कोर्चाक स्वतः सहा महिन्यांत पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलात लगावली म्हणून, एकाला शयनगृहातून हाकलले म्हणून, एकाला कोपऱ्यात उभे केले म्हणून, न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. याच खटल्यांनी आपल्याला शिक्षक म्हणून घडवले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मुलांना बोलू देणारे शिक्षक तेव्हाही होते. मुलांचा निकाल स्वतःवर बंधनकारक मानणारा विरळाच.

त्या काळी जगाचा विचार वेगळ्या वाटेने चालला होता. १९२४ च्या जिनिव्हा जाहीरनाम्यात भुकेल्या मुलाला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, संकटात आधी मुलांना मदत, असे सगळे होते. मुलाच्या मताला मात्र जागा नव्हती. हा हक्कांचा आग्रह नसून दयेची विनवणी आहे, अशी कोर्चाक यांची तक्रार होती, आणि ती रास्तच होती. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना आश्रमातल्या मुलांसह त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले.

इंग्लंडमध्ये ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेतही मुलांच्या मताला खरे वजन देण्याचे तत्त्व रुजले होते. शाळेच्या सभेत लहानग्याचे मत आणि मुख्याध्यापकांचे मत सारख्याच मोलाचे. सरकारी तपासणीनंतर शाळेवर गंडांतर आले आणि २००० साली प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. तडजोडीचा प्रस्ताव आला, तेव्हा मुलांनी न्यायदालनातच सभा भरवली आणि मगच तो स्वीकारला.

मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा, हा प्रस्ताव १९७८ मध्ये मांडला तो कोर्चाक यांच्या पोलंडनेच. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी करार स्वीकारला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबीत मत मांडण्याचा हक्क दिला. त्या मताला वजन द्यायचे ते वय आणि समज पाहून. ही समज जोखणार कोण? मोठी माणसेच. हक्क जगभर पोचला खरा, पण वॉर्सातला त्याचा कणा वाटेत निसटला.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या. त्यांत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या. महाराष्ट्राने समितीत विद्यार्थ्यांनाही घेतले, हे चांगलेच झाले. शिवाय गावोगावच्या शाळांत बालमंत्रिमंडळाची निवडणूक होते, प्रचार होतो, मुले रांगा लावून मतदान करतात. मग स्वच्छतामंत्र्याच्या हाती बहुधा झाडू येतो आणि शिस्तमंत्र्याने रांग सरळ करायची असते. स्वच्छतागृहाला कडी नाही, खिचडी करपते, एक शिक्षक हात उगारतात, हे विषय या मंत्रिमंडळापुढे क्वचितच येतात. मतदानाचा सराव होतो, निर्णयाचा नाही.

राजस्थानात तिलोनिया परिसरातल्या रात्रशाळांनी निराळी वाट धरली. दिवसा शेळ्या राखणारी मुले तिथे रात्री शिकायला येत. त्यांनी निवडलेली बालसंसद शिक्षकांच्या गैरहजेरीपासून बंद पडलेल्या हातपंपापर्यंत सगळ्याचा जाब मोठ्यांना विचारत असे.

आपल्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे: समितीच्या पुढच्या सभेत पहिला विषय मुलांना मांडू द्या, तो त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहा, आणि त्यावर काय केले किंवा का केले नाही, याचे उत्तर त्यानंतरच्या सभेत मुलांसमोर द्या.