उसनी फांदी

ज्या देशाची भाषा आपल्याला येत नाही, जिथली माती कधी पायाला लागली नाही, त्या देशावर प्रेम करावे का? ‘करावे की! त्यात बिघडले काय?’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ते प्रेम खरोखर त्या देशावरचे, की आपल्याच मनोराज्यावरचे? व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे जपानवेड पाहिले की हा प्रश्न टाळता येत नाही.

पॅरिसमध्ये असताना त्याने लाकडी ठशांची जपानी चित्रे शेकड्यांनी जमवली. ती स्वस्त मिळत, हेही त्याच्या पथ्यावर पडले. १८८७ साली त्याने हिरोशिगेच्या एका चित्राची तैलरंगांत नक्कल केली. मूळ चित्र १८५७ चे, कामेइदोच्या आलुबुखाराच्या बागेचे. अगदी पुढ्यात एक वाकडी फांदी आणि तिच्याआडून दिसणारी बाग. नकलेच्या दोन्ही कडांना व्हॅन गॉगने नारिंगी पट्टे जोडले आणि त्यांवर जपानी अक्षरे रंगवली. ही अक्षरे दुसऱ्याच चित्रांवरून उतरवलेली. बागेशी त्यांचा काडीचा संबंध नाही! जपानात हे फूल थंडी सरण्याआधीच उमलते, म्हणून ते धीराचे चिन्ह मानले जाते. या नकलेत मात्र ते नुसतेच देखणे आहे.

याला उचलेगिरी म्हणावे, तर हिरोशिगेच्या चित्रांतला तो गहिरा निळा रंग तरी कुठला? तो युरोपातून जपानात गेलेला. असले हिशेब कधी चुकते होत नाहीत, आणि होऊही नयेत.

खरा धोका निराळाच होता. जपानी चित्रकार आपापसांत चित्रांची देवघेव करतात, भावाभावांसारखे राहतात, अशी व्हॅन गॉगची भाबडी समजूत होती. १८८८ च्या फेब्रुवारीत तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेला, तेव्हा जपान आले का म्हणून गाडीच्या खिडकीतून डोकावत होता. तसाच बंधुभाव तिथे नांदावा म्हणून त्याने गोगँला बोलावून घेतले. दोन महिन्यांत त्या संसाराचा शेवट भांडणात आणि कापलेल्या कानात झाला. याचे खापर जपानच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. पण परक्या देशाविषयीची स्वप्ने निरुपद्रवी असतात, असेही मला म्हणवत नाही.

आणि तरीही १८९० ची ती बदामाची फांदी आहेच. (आपल्याकडचा मोठ्या पानांचा देशी बदाम तो हा नव्हे.) व्हॅन गॉग तेव्हा सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. ३१ जानेवारीला धाकट्या भावाला, थिओला, मुलगा झाला; त्याचे नावही व्हिन्सेंटच ठेवले. बाळाच्या आईबापांच्या निजायच्या खोलीसाठी काकाने चित्र काढले. निळ्या आभाळावर पांढरी फुले. खोड नाही, जमीन नाही, फांद्या चौकटीपाशी तुटलेल्या. ही सारी रीत जपानी. पण इथे पट्टे नाहीत, उसनी अक्षरेही नाहीत. बदामही त्या मुलखात थंडी सरता सरताच फुलतो. धीराचा जो अर्थ नकलेत उतरला नव्हता, तो इथे न लिहिता आला आहे. माझ्या मते, ज्याच्यावर काही बेतले आहे त्यालाच तो सापडतो.

चित्र संपले आणि दुखणे पुन्हा उलटले. बरा होईतो झाडांवरचा बहर ओसरून गेला होता. दरम्यान, मार्चअखेरीस भावजयीने, योहानाने, त्याला कळवले की बाळ त्याच्या चित्रांकडे टक लावून बघत राहते.