जे पार होतं

डोळे मिटायची गरज नाही. समोर लालसर द्रवाची बाटली आहे असं समजा. पेशी वाढवण्याचं हे माध्यम. त्यात ग्लुकोज आहे, अमिनो आम्लं आहेत, गाईच्या गर्भाचं सीरम आहे. पेशींना हवं ते सगळं. जिवाणूंनाही नेमकं हेच हवं असतं.

इथे जरा थांबा. प्रयोगशाळेत वाढवली जाणारी ‘हीला’ ही मानवी पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेते. ई. कोलाय या जिवाणूला सगळं मनासारखं मिळालं की २० मिनिटं पुरतात.

मग उकळून टाकावं? १२१ अंशांच्या वाफेत जिवाणू मरतील, पण सीरममधली प्रथिनंही गोठतील, ग्लुटामिन विघटित होईल. म्हणून मारायचं नाही, नुसतं अडवायचं.

आता लक्ष गाळणीच्या पटलावर आणा. छिद्रं ०.२२ मायक्रोमीटरची. पूर्वी ०.४५ पुरेसं मानत. मग एक चिमुकला जिवाणू त्यातून सुखरूप पार होताना सापडला: ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा. आज पटलाची परीक्षा त्याच्यावरच होते. दर चौरस सेंटिमीटरला किमान १ कोटी जिवाणू सोडायचे, पलीकडे एकही दिसता कामा नये. ज्यानं फजिती केली त्यालाच परीक्षक नेमलं, हे मला फार आवडतं.

माध्यम सिरिंजमध्ये भरा, टोकाला पटल लावा आणि दट्ट्या सावकाश दाबा. घाईनं जोर लावलात तर पटल फाटेल, आणि फाटलेलं पटल द्रव जास्तच झरझर सोडतं. हात हलका पडला की सुखावू नका, शंका घ्या.

आणि आता मायकोप्लाझ्मा. याच्याशी थोडा वेळ बसा. त्याला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे अंग चोरून तो ०.२२ मधूनही निसटतो. पेनिसिलिन घाव घालतं भित्तिकेवर. इथे ती नाहीच. माध्यम गढूळ होत नाही. पेशी वाढत राहतात, फक्त त्यांचं वागणं बदलतं आणि प्रयोगाचे आकडे खोटे पडतात. सीरम म्हणूनच ०.१ मायक्रोमीटरच्या पटलांतून गाळतात. बरेच विषाणू तर या छिद्रांहूनही लहान.

पण मायकोप्लाझ्मा पुष्कळदा बाटलीतून येतच नाही. तो येतो दुसऱ्या प्रयोगशाळेतून प्रेमानं पाठवलेल्या पेशींबरोबर, कधी आपल्याच तोंडातून, निर्जंतुक हवेच्या हूडपाशी बोलता बोलता. त्या वाटेवर पटल नाही. तिथे नव्या पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर चाचणी करायची, आणि अहवाल येईपर्यंत इतर पेशींपासून दूरच ठेवायच्या.