नकार कोणाच्या जिवावर?

१७८० च्या मे महिन्यात कल्याण इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि ते सोडवायला मराठी फौज वेशीशी येऊन ठेपली होती. वाटेतलं एक इंग्रजी ठाणं तिने आधीच मारलं होतं. तिथे पकडलेल्या एन्साइन फाइफकडूनच पत्र लिहवून आत धाडलं गेलं: शहर खाली करा, नाहीतर कैद्यांना मारू आणि हल्ला करून तुमचीही कत्तल करू. कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेलने उलट कळवलं, घेता येत असेल तर खुशाल घ्या. हल्ल्याच्या आदल्या रात्री इंग्रज सेनानी हार्टलीची कुमक पोचली, मराठी छावणीवर छापा पडला आणि कल्याण इंग्रजांकडेच राहिलं.

इंग्रज इतिहासकारांनी या उत्तराचं कौतुक केलं. मला मात्र त्या प्रसंगात फाइफ दिसतो. स्वतःच्याच मरणाची धमकी त्याला आपल्या हाताने वरिष्ठाला लिहून कळवावी लागली. कॅम्पबेल भित्रा नव्हता, पण त्याच्या बाणेदारपणात पहिला बळी कैद्यांचा जाणार होता. कल्याणच्या रहिवाशांना तर दोन्हीकडून कुणी विचारलंच नाही. हार्टलीला एक दिवस उशीर झाला असता, तर याच उत्तराला आपण आततायीपणा म्हटलं असतं.

जपानकडे अशी कुमक येणार नव्हती. २६ जुलै १९४५ ला पॉट्सडॅमहून मित्रराष्ट्रांची शरणागतीची मागणी आली. दोन दिवसांनी पंतप्रधान सुझुकींनी पत्रकारांसमोर ती मोडीत काढली. सरकारची भिस्त मॉस्कोच्या मध्यस्थीवर होती. तिथले राजदूत सातो मात्र कळवत होते, इथून काही मिळणार नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा गेलं. ९ तारखेला पहाटे रशियाच चाल करून आला. त्या दिवशी युद्धमंडळातले सहा जण बसले, बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली, तरी मतं तीन विरुद्ध तीनच राहिली. त्यांतल्या अनामी, उमेझू आणि तोयोदा या सेनाधिकाऱ्यांना शरण जाण्यासाठी सम्राटाचं पद राखलं जाणं पुरेसं नव्हतं. देशात परकी फौज नको, निःशस्त्रीकरण आम्हीच करू, युद्धगुन्हेगारांचे खटलेही आम्हीच चालवू, असा त्यांचा हट्ट होता. शहरं जळत असताना सेनाधिकाऱ्यांचा मान आणि माना वाचवायची ही धडपड मला अक्षम्य वाटते. शेवटी मध्यरात्रीनंतर सम्राटालाच कौल द्यावा लागला.

पण मागणी करणाऱ्याचंही काही उत्तरदायित्व असतं, आणि त्यासाठी मला वसई आठवते. १७३९ च्या वेढ्यात चिमाजी अप्पांची हजारो माणसं पडली होती. सुरुंगांनी बुरूज फुटले, तेव्हा पोर्तुगीज सेनापती कायतानो द सूझा परेरा बोलणीला आला. सूड घ्यायला याहून चांगली वेळ नव्हती. अप्पांनी शिबंदीला हत्यारांसह, ढोल वाजवत बाहेर पडू दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक दिली. होकार देणं शत्रूला शक्य झालं ते या अटींमुळे.

पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यात सम्राटाविषयी एक शब्दही नव्हता. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांच्या मसुद्यात त्याच घराण्याची घटनात्मक राजेशाही राहू शकेल असा उल्लेख होता, तो वगळला गेला. पुढे सिंहासन राहिलंच. तो उल्लेख ठेवला असता तर अनामी वाकले असते असं मी म्हणणार नाही. पण युद्ध थांबवू पाहणाऱ्या परराष्ट्रमंत्री तोगोंना जुलैतच सहकाऱ्यांपुढे ठेवायला काहीतरी मिळालं असतं.