भिंतीतला वेताळ

नळदुर्गातल्या एका मेडिकल दुकानाच्या माडीवर दर शनिवारी रात्री नऊला पाच जण जमायचे आणि सहाव्याची वाट बघत बसायचे. सहावा म्हणजे खुद्द मेडिकलवाला. दुकान खाली, खेळ वर. शटर ओढायला हात घातला की हमखास कुणाच्या तरी पोराला ताप भरायचा.

खेळ ऐकायला सोपा होता. एकानं जग सांगायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर. ‘समोर दार आहे, बंद आहे, काय करता?’ असं विचारायचं आणि जे उत्तर येईल त्यातून गोष्ट पुढं न्यायची. केलेला बेत साधला की फसला, हे फाशावर ठरायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून बाजारात आला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या १०००. तिथून निघालेला खेळ पन्नास वर्षांनी बोरी नदीच्या काठी आला तो पुण्याहून. नोकरी सोडून वडिलांचं किराणा दुकान सांभाळायला परतलेल्या एका पोरानं तो आणला. जग सांगण्याचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

फासा लागतो वीस बाजूंचा. मागवलेलं पार्सल तुळजापूरपर्यंत येऊन परत गेलं. मग बाईंनी हाउजीचा डबा काढला, त्यातल्या १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या वेगळ्या केल्या आणि एका कापडी पिशवीत भरल्या. हात घालायचा, एक काढायची, आकडा वाचायचा, परत टाकायची. आकडा जितका मोठा तितकं नशीब चांगलं. मास्तरला हे जरा कमीपणाचं वाटलं. खरं तर वाटायला नको होतं. १९७९च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा मूळ कंपनीनंसुद्धा खोक्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चकत्याच घालून दिल्या होत्या.

खेळणारे पाच जण. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. वकील हा वकील नव्हता, पण नियमांचं पुस्तक त्यानं मोबाइलवर उतरवून घेतलं होतं आणि दर दहा मिनिटांनी तो ‘नियमात असं नाही’ म्हणायचा. पैलवान तालमीतून थेट यायचा आणि दिसेल त्या दाराला लाथ घालायचा, उघडं असलं तरी. मेडिकलवाल्याचं वर सांगितलंच. पाचवी मास्तरची चुलत बहीण, अकरावीतली. तिला सगळे धाकटी म्हणत आणि तिच्याकडं फारसं कुणी बघत नसे.

मास्तरनं मात्र जीव ओतला होता. आषाढात दुकानात गिऱ्हाईक नसे तेव्हा त्यानं दोनशेपानी वही भरवली. काळ निवडला इब्राहीम आदिलशहा दुसऱ्याचा, १६१३च्या आसपासचा. नळदुर्गचा किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्यामध्ये बोरी नदीवर दगडी बंधारा उभा राहिलाय, त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल कोरल्यासारखा बांधलाय. आजही वरचा बोरी प्रकल्प भरून सांडला की नर आणि मादी हे दोन धबधबे महालाच्या दोन अंगांनी कोसळतात आणि आत उभा राहिलेला माणूस कोरडा राहतो. हे सगळं ज्याच्या परसात आहे, त्यानं ड्रॅगनच्या गुहा कशाला शोधाव्यात? मास्तरनं या खऱ्या भिंतीत आपल्या मनचा एक वेताळ बसवला. भिंत बांधताना तिच्यात गाडला गेलेला पाथरवट. तो रात्री छिन्नी वाजवतो आणि गावातली माणसं एकेक करून ओढून नेतो. त्याला मारायचा उपाय एकच, बंधारा फोडायचा. पाणी सुटेल, भिंत ढासळेल, आणि मरता मरता वेताळ दोन पानांचं भाषण करील. ते भाषण मास्तरनं सात वेळा खोडून लिहिलं होतं. चांगलंच जमलं होतं, यात वाद नाही.

पहिल्याच रात्री किल्ल्याच्या दारात दारवान उभा होता. पैलवानानं मिशीला पीळ दिला. वकिलानं दारवानाच्या भाल्याची लांबी विचारली. धाकटी म्हणाली, “मी दारवानाला इचारते, जेवला का?”

मास्तर वही चाळत म्हणाला, “ते महत्त्वाचं नाही. तुम्ही आत गेलात.”

धाकटीचे वडील एका कारखान्यावर रातपाळीचे वॉचमन होते. पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

पुढचे दोन महिने खेळ रडतखडत चालला. या खेळाची खरी अडचण भुतं-राक्षस ही नसतेच. सहा मोठ्या माणसांना एका वेळी एका खोलीत बसवणं ही असते, आणि जगभर हीच तक्रार आहे. इथं तर सोयाबीनला फवारणी, बाईंना प्रशिक्षण, पैलवानाला जत्रेतल्या कुस्त्या. त्यात मास्तरची वही. चौघं डावीकडं वळले की डावीकडं दरड कोसळलेली असायची. होडीनं जाऊ म्हटलं की होडीला भोक. वाट एकच उरायची, वहीतली.

लहान गोष्टींत हे खपून गेलं. बंधाऱ्याशी आल्यावर खपलं नाही.

भाद्रपदातला शनिवार होता. मास्तरनं आवाज खोल केला. सुरुंगाची दारू, मशाली, वर तुडुंब भरलेलं पाणी. “फोडायचा का बंधारा?”

कुणी बोललं नाही. मग मेडिकलवाला म्हणाला, “फोडायचा? भरलेला?”

“वेताळ मरायचा तर तोच उपाय आहे.”

“अरे, पण पाणी जाईल की सगळं.”

“खेळातलं पाणी आहे.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “२०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्या वर्गातली पोरं त्या साली शाळेत येताना रिकामी बाटली आणायची आणि भरून घरी न्यायची. मी भरलेला बंधारा फोडणार नाही. लटका सुद्धा नाही.”

पैलवान, जो दोन महिन्यांत काही न फोडता घरी गेला नव्हता, मान हलवत म्हणाला, “बरोबर हाय मॅडमचं. वेताळाला धरून हाणू, पण पाण्याला हात लावायचा न्हाई.”

मग त्यांनी उपाय काढायला सुरुवात केली. वेताळाशी बोलू. भिंतीचा एकच दगड काढून त्याला बाहेर घेऊ. महालातून आत शिरू. मास्तर कालनिर्णय उभं दुमडून त्याच्या आड बसायचा, कारण जग सांगणाऱ्याचे फासे गुपित ठेवायची या खेळात रीत आहे. दर उपायाला तो आडोशामागं पिशवीत हात घालायचा आणि आकडा सांगायचा. “६. फसलं.” “२. दगड हलत नाही.” “४. वेताळ ऐकत नाही.”

धाकटीनं हाताची मूठ उघडली आणि टेबलावर एक सोंगटी ठेवली. तिच्यावर ४ लिहिलं होतं. पैलवानाच्या हातून मघाशी ती खाली पडली होती, ती तिच्या पायाशी होती.

आडोशामागं आकडे फिरवावेत की नाही, यावर खेळणाऱ्यांच्या जगात आजवर कायम भांडणं होत आलीत. गोष्ट मरू नये म्हणून एखादा आकडा गिळायला हरकत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्यांचं पटतंही. कुणाचा तरी जीव वाचवायला खोटं बोलणं वेगळं. इथं पाच जणांची तोंडं बंद करायला बोललं गेलं होतं. वकिलालासुद्धा नियम काढून दाखवावासा वाटला नाही. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि जिना उतरला. पाठोपाठ बाकीचे.

सोयाबीन काढणीला आलं. नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यानं पायी जाणाऱ्या भाविकांनी दिवसरात्र वाट भरून गेली, मेडिकलवाला मलम आणि पट्ट्या विकण्यात बुडाला. खेळ थांबलाय हे कुणी कुणाला सांगितलं नाही, थांबला. मास्तरनं दिवाळीत एकदा माडीवर एकट्यानं बसून ते दोन पानांचं भाषण मोठ्यानं वाचलं. ऐकायला कुणी नसलं की वेताळसुद्धा सातबाराचा उतारा वाचतोय असं वाटतं.

मार्गशीर्षात वकिलाच्या थोरल्या भावाचं लग्न झालं आणि रात्री दारात गोंधळ घातला. आमंत्रण टाळण्यासारखं नव्हतं, मास्तर गेला आणि मागं भिंतीला टेकून बसला. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ कडाडलं. गोंधळ्यानं गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावलं आणि आख्यान लावलं. राजा शिकारीला निघाला, रान लागलं, तहान लागली. गोष्ट रंगात आली आणि तुणतुणंवाला साथीदार मध्येच म्हणाला, “पर राजा जेवला का?”

माणसं हसली. मास्तरचा हात मानेकडं गेला. गोंधळी रागावला नाही. त्यानं संबळ थांबवलं, साथीदाराकडं वळला. “न्हाई जेवला. तू वाढतूस?” साथीदार वाढायला निघाला, भाकरी करपली, राणी चिडली, सासू आली. बराच वेळ आख्यान रानात न जाता चुलीपाशीच घुटमळलं. मांडव नुसता हसत होता. आणि मग त्या करपलेल्या भाकरीवरूनच गोंधळ्यानं राजाला परत रानात नेलं, ते इतक्या सहज, की भाकरी करपली नसती तर राजा वाट चुकलाच नसता असं वाटावं. आख्यानाचा शेवट मांडवातल्या म्हाताऱ्यांना पाठ होता. गोंधळ्यालाही होताच. तरी तो साथीदाराच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत थांबत होता. मास्तरनं ते थांबणं नीट पाहिलं. झोपलेली पोरं उठून बसली होती.

पंगतीत त्यानं बाईंना विचारलं, “शनिवारी येता का?”

“वही असणार?”

“असेल. पण मी तिच्यात बघणार नाही.”

“न बघता जमेल?”

“माहीत नाही,” मास्तर म्हणाला.

त्या शनिवारी दोघंच आले, पैलवान आणि धाकटी. बाईंच्या पोराला ताप, त्यामुळं मेडिकलवालाही अडकलेला. दोघांत काय खेळणार म्हणून पूर्वी मास्तरनं बैठक मोडली असती. त्यानं कालनिर्णय भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं, सोंगट्यांची पिशवी टेबलाच्या मध्ये ठेवली.

“किल्ल्याचं दार. दारवान उभा आहे,” तो म्हणाला. “अजून जेवला नाही.”

धाकटीनं मान वर केली. “का?”

मास्तर अडखळला. दोनशे पानांत दारवानाला एक ओळ होती. “तूच सांग. रातपाळीवाल्याचं जेवण का राहतं?”

मग धाकटी बोलली. अख्ख्या आषाढ-श्रावणात बोलली नव्हती इतकी. डबा आठला उघडला तर पहाटे भूक लागते म्हणून उशिरा उघडायचा, आणि उशीर करत बसलं की मुंग्या लागतात. दोन वाजता झोप येत नाही, साडेतीनला येते. रातचे आवाज पाठ होतात. कुठला पत्र्याचा, कुठला कुत्र्याचा, आणि कुठला कशाचा ते न कळणारा एक. तो रोज एकाच वेळेला येतो.

“छिन्नीचा,” पैलवान हळूच म्हणाला. त्यानं आपल्या झोळीतली खेळातली भाकरी दारवानाला दिली होती, आणि दार उघडंच असून लाथ मारायची राहून गेली होती.

पुढच्या आठवड्यात हे ऐकून तिघं परतले. वकील सर्वांत आधी, पंधरा मिनिटं लवकर. दारवानानं त्यांना पाणीमहालापर्यंत नेलं, कारण तो छिन्नीचा ठोका ओळखत होता. भिंतीशी उभं राहून त्यांनी हाक मारली आणि आतून ओ आली. इथं मास्तरच्या वहीत ते भाषण होतं. वही त्याच्या पिशवीत होती. पिशवी त्यानं पायानं टेबलाखाली सरकवली.

“वेताळ विचारतोय, काय पाहिजे?”

“तुम्हालाच काय पाहिजे?” धाकटीनं उलट विचारलं.

मास्तरनं पाचांकडं पाहिलं. “काय हवं असेल त्याला?”

“हजेरी,” मेडिकलवाला म्हणाला. “काम करता करता गाडला गेला, म्हंजे शेवटच्या आठवड्याची मजुरी बुडाली.”

“माणसं का ओढून नेतो मग?”

“हाताखाली गडी नकोत? भिंत एकटा किती राखणार?” पैलवान म्हणाला. “पाटकरी नेमा त्याला. पाण्याची राखण करील. ओढून नेल्याली माणसं आधी सोडायची, ह्या बोलीवर.”

“वेताळाला नोकरीवर घ्यायची नियमात तरतूद नाही,” वकील म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत, “म्हणजे लिहायला लागेल.” त्यानं वहीचं कोरं पान मागितलं. मास्तरनं दोनशेपानी वहीच काढून दिली. वकिलानं ती मागून उघडली.

पगारावरून वाद पेटला. मेडिकलवाला म्हणाला, महिन्याला एक शेळी. पैलवान उसळला, उस्मानाबादी शेळीचा आजचा बाजारभाव माहीत आहे का. वकिलाला रातपाळीचा भत्ता वेगळा हवा होता. बाई म्हणाल्या, मागची थकबाकी धरली तर चारशे वर्षांचं व्याज होतं, आणि ते आदिलशाहीनं द्यायचं की आपण, हे आधी ठरवा. धाकटीनं पिशवीत हात घातला, सोंगटी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली.

३.

“नाही म्हणाला,” मास्तर म्हणाला. “शेळी नको म्हणतो.”

“मग काय हवंय म्हणतो?”

“त्याला विचारा की.”

खालून कुणीतरी शटर वाजवत होतं. मेडिकलवाला जिन्याकडं पळाला आणि अर्ध्या जिन्यातून ओरडला, “माझ्याशिवाय ठरवू नका! आधी सुट्ट्या विचारा त्याला, सुट्ट्या किती!”