धुतल्यानंतरचे डाग

डाग दोन प्रकारचे असतात. एक धुण्याआधीचे आणि दुसरे धुतल्यानंतरचे. पहिल्या प्रकारावर जगात पुष्कळ विचार झालेला आहे. साबणवाल्यांनी तर त्याच्या जिवावर बंगले बांधले. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नसतं. पण आमच्या चिरंजीवांनी मोटार घेतली आणि ती अमरावतीला आमच्या अंगणात आणून उभी केली.

तसा मी सायकलवर वाढलेला माणूस. चाक हे चिखलात जाण्यासाठीच जन्माला येतं आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, झेंडूची माळ अडकवण्यापुरतं पुसलं जातं, अशी माझी साधी समजूत. मोटार चालवायला मी साठीनंतर शिकलो, तेही घरातल्या सर्वांचा विरोध पत्करून. चिरंजीवांनी कंपनीची चांगली धडधाकट चाकं काढून त्या जागी नक्षीदार, आरशासारखी चकचकीत अलॉय व्हील बसवून घेतली होती. परदेशी जाताना पाया पडून म्हणाले, "बाबा, बाकी गाडीचं काही झालं तरी चालेल, पण चाकांना जपा." मुलगा आईबापांना एवढ्या काळजीने कुणाच्या तरी हवाली करतो, असं मी अजून पाहिलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात साडूच्या नातवाची मुंज निघाली. साडूचं गाव अकोल्याच्या पुढे, अकोट रोडने गांधीग्रामकडे जाताना. अमरावती ते अकोला हा रस्ता म्हणजे आमच्या अभिमानाचा विषय. २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत, न थांबता घातला आणि गिनीज बुकात नाव नेलं. त्याआधी याच रस्त्याने आमच्या पाठीच्या मणक्यांची किती वर्षं परीक्षा पाहिली, याची नोंद गिनीजवाल्यांनी घेतलेली नाही. ते असो.

मुंजघरी धुळीने माखलेली गाडी घेऊन जाऊ नये म्हणून गावाअलीकडे रस्त्याच्या कडेला थांबलो. सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा बोअरच्या पाइपाने ट्रॅक्टर धूत होता. शंभर रुपये ठरले. भर दुपारची वेळ. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन काय असतं, ते वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. मी समोरच्या रसवंतीत जाऊन बसलो. उसाचे दोन ग्लास संपवून परत आलो, तो काय! गाडी लखलखीत, आणि चारही चाकांवर देवीच्या वणांसारखे पांढरे ठिपके.

"हे काय केलंस रे?"

"पान्याचे होत साहेब ते. आमच्या इकडलं पानी खारं हाये."

"पाण्याने कधी डाग पडतात काय? पाण्याने डाग जातात! खरं सांग, अ‍ॅसिड लावलंस ना?"

"नाई जी. साबनानंच धुतले."

मी पन्नासाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. उरलेले पन्नास हा माझ्या मते न्याय होता. त्याने नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नोटेची बारीक घडी केली आणि पुन्हा ट्रॅक्टरकडे वळला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसावर अन्याय केल्याचा संशय आपल्याला सहसा येत नाही.

अमरावतीला परतल्यावर मी नळाचं पाणी घेऊन चाकांना भिडलो. आमच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं गोडं पाणी येतं. निम्मे ठिपके निघाले, निम्मे हलेनात. तेवढ्यात सौ. बाहेर आली. तिचं माहेर दर्यापूरकडचं. तिने चाकाकडे नुसतं पाहिलं.

"हे तर आमच्या माहेरच्या बादलीचं पांढरं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे."

ती आत जाऊन वाटीभर शिरका घेऊन आली. त्यात तेवढंच पाणी घातलं, फडकं भिजवलं, मिनिटभर चाकावर धरलं, पुसलं, लगेच गोड्या पाण्याने धुतलं आणि कोरड्या कापडाने टिपून घेतलं. चाक आरसा झालं. त्या आरशात मला माझा चेहरा दिसला आणि तो पाहण्यासारखा नव्हता.

कारण वाचकहो, मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. दुष्फेन पाणी आणि सुफेन पाणी हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिला, परीक्षेत विचारला आणि ज्यांना आला नाही त्यांचे कान धरले. पूर्णेचा खारपाणपट्टा तर आमच्या उंबऱ्याशीच. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजार चौरस किलोमीटरांच्या वर पसरलेला. पाणी उन्हात उडून जातं, त्यातले क्षार मात्र जागच्या जागी राहतात. साधं मीठ गोड्या पाण्याने निघतं. चुन्याचा अंश चिकटून बसतो, त्याला आंबटच लागतं. त्यातून चाक ब्रेकने आणि उन्हाने तापलेलं, म्हणजे पाणी टिपायलाही उसंत नाही. चाक निवू द्यावं, सावलीत धुवावं, वाळण्याआधी पुसावं. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त त्या दुपारी आठवलं नाही. त्या पोराने तोच धडा एका वाक्यात सांगितला आणि मी त्याला नापास केला.

असं का व्हावं, याचा मी बराच विचार केला. कारण समजेनासं झालं की आपण माणूस शोधतो. माणूस शोधायला लागलो की जो सगळ्यात जवळ आणि सगळ्यात लहान असतो, तो सापडतो. हेच ठिपके एखाद्या वातानुकूलित वर्कशॉपात, गळ्यात टाय बांधलेल्या इसमासमोर पडले असते, तर "पाण्याचे असतील, नाही का?" असं मीच नम्रपणे सुचवलं असतं. आणखी एक गोष्ट नंतर ध्यानात आली. ब्रेक झिजून जी काळी भुकटी चाकाच्या नक्षीत बसते, ती महाचिवट असते. त्या पोराने ती बोट घालघालून साफ काढली होती. ते काळं गेलेलं मला दिसलं नाही. पांढरं आलेलं तेवढं दिसलं. आणि ज्या पाण्याने माझ्या चाकावर चार ठिपके पडले, तसलंच पाणी त्या पट्ट्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं पोटात घातलं. मूतखड्याची आणि किडनीची दुखणी तिकडे घरोघरच्या बोलण्यात असतात. त्यांनी कुणाचे पन्नास कापायचे?

मी राहतो गाडगेनगरात. रोज सकाळी फिरायला जातो तो गाडगेबाबांच्या समाधीवरून. बाबा जन्मले १८७६ साली आमच्याच जिल्ह्यात, शेंडगावला, परटाच्या घरी. वाढले मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, आजोळी. गेले १९५६ च्या २० डिसेंबरला, वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर. डाग काढणाऱ्यांच्या कुळातला हा माणूस गावात शिरला की आधी झाडायला लागे. घाण कुणी केली, याची चौकशी करत बसत नसे. मी मात्र चौकशी आधी केली, निकाल दिला, दंड वसूल केला आणि झाडू सौ.च्या हाती दिला. समाधीवरून जाताना त्या आठवड्यात माझी पावलं जरा भरभर पडत होती.

शेवटी सौ.नेच विचारलं, "चाक झालं. त्या पोराच्या पन्नासाचं काय?"

पंधरा दिवसांनी, नसलेलं काम काढून, मी पुन्हा अकोट रोडला गेलो. पोरगा तिथेच होता. पन्नास रुपये पुढे केले. एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण पैसे परत करणं हे नुसतं गोडं पाणी झालं, निम्मे डाग त्याने हलत नाहीत. आंबट काहीतरी लागतं, आणि ते दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या तोंडाला. म्हणून म्हणालो, "तू खरं बोलत होतास. चूक माझी होती." एकतीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याच्या वयाच्या कुणाला हे वाक्य म्हणाल्याचं मला स्मरत नाही. उच्चार अवघड गेला.

"जाऊ द्या साहेब. होते असं," तो म्हणाला आणि हसला. मला एकदम हलकं वाटलं. गाडी निंबाच्या सावलीत लावली आणि त्याला म्हटलं, "धू आता. चाकं निवली की धू, आणि लगेच कोरडी पूस."

त्याने पाइप उचलला, सुरू मात्र केला नाही. अगदी अदबीने म्हणाला, "पैसे आधी द्या जी. मंग धुतो."

मी शंभर रुपये दिले. त्याने चाकं अशी धुतली, अशी पुसली की एक ठिपका राहिला नाही. मी चारही बाजूंनी वाकून वाकून पाहिलं. चाकांवर खरोखरच काही नव्हतं.